चित्रकलेचा तास

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी मुलखात, खटाव-माणच्या पट्ट्यातील एका अनुदानित विद्यालयात, मी तीन दशकांहून अधिक काळ चित्रकला-शिक्षक म्हणून नोकरी केली. आणि या काळात माझ्या हातून जी चित्रे उतरली त्यांची कोणी प्रामाणिकपणे मोजदाद करू म्हटले, तर तीत निसर्गदृश्ये व व्यक्तिचित्रे यांचा भरणा अल्प, आणि प्रवेशद्वारावरील स्वागताच्या कमानी, स्नेहसंमेलनाचे पडदे, गुणवंत विद्यार्थ्यांच्या नावांची लाकडी पाटी, संस्थेच्या वार्षिक सभेचे फलक, निवडणुकीसाठी शाळेचा ताबा महसूल खात्याकडे गेला म्हणजे खोल्यांवर टाकावयाचे क्रमांक, आणि थोर पुरुषांच्या जयंती-पुण्यतिथीस दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेली त्यांची मुखे, यांचीच संख्या मोठी निघेल. ही कामे मी कुरकुरत केली असे नाही. फळा संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून, तो पुरता वाळण्यापूर्वी त्यावर खडू चालविला म्हणजे रंग प्रथम मंद दिसतो, आणि ओल उडून गेल्यावर सकाळी असा काही उजळून निघतो की आपलेच काम आपल्याला अनोळखी वाटावे. हे एक स्वतंत्र सुख आहे, आणि ते मला शाळेने मुबलक दिले.

तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरेबुकात 'फलकलेखन उत्कृष्ट' असा शेरा मारावा आणि मुख्याध्यापकांनी तो शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवावा, हा तर शिरस्ताच पडून गेला होता. मुलांच्या चित्रकलेच्या वह्या पाहण्याची इच्छा मात्र माझ्या आठवणीत एकाच अधिकाऱ्याने दर्शविली. त्यांनी वरच्या दोन-चार वह्या चाळल्या, 'स्वच्छता आहे' असा अभिप्राय दिला, आणि तेवढ्यात चहा आला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. शाळेला चित्रे हवी असतात, पुष्कळ हवी असतात. मुलाने चित्र काढीत बसणे, ते बिघडविणे, कागद फाडून पुन्हा आरंभ करणे, हा जो सगळा अव्यवस्थित आणि वेळखाऊ खटाटोप, तो मात्र तिला नको असतो. माझ्या नोकरीतील बहुतेक झगडे, आणि काही आनंदही, या एका विसंगतीतून उद्भवले.

झगड्यांचे मूळ वेळापत्रकात असे. जून महिन्यात पर्यवेक्षक मोठा कागद पसरून ते आखायला बसत, तेव्हा प्रथम गणित, इंग्रजी व विज्ञान यांचे तास बसविले जात, मग भाषा, मग समाजशास्त्रे, आणि अखेरीस जे चौकोन कोरे राहत त्यांत चित्रकला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव यांची तजवीज होई. त्यातूनही दिवाळी उलटली की दहावीचा गणिताचा अभ्यासक्रम मागे पडल्याची ओरड सुरू होई आणि 'सर, आजचा तास द्या, पुढच्या आठवड्यात परत करतो' अशी विनंती येई. असे उसने गेलेले तास परत आल्याचे उदाहरण माझ्या स्मरणात नाही. गणिताच्या शिक्षकांवर माझा राग नव्हता. शाळेचा निकाल त्यांच्या मानेवर बसलेला असे, आणि माझ्या विषयात कोणी नापासच होत नसल्यामुळे माझ्या मानेवर काहीच बसलेले नसे.

चोरीला जाणाऱ्या तासांपेक्षाही हाती राहणाऱ्या तासाची लांबी मला अधिक जाचक वाटे. ३५ मिनिटांच्या तासात मुले जागेवर बसून, वह्या उघडून, पाण्याची भांडी भरून आणून रंगपेट्यांची झाकणे निघेपर्यंत दहा-बारा मिनिटे सरतात, आणि शेवटची दहा ब्रश धुण्यात, बाकांवर सांडलेले पाणी टिपण्यात व ओल्या चित्रावर वही मिटलेल्या एखाद्या मुलाची समजूत घालण्यात जातात. मधल्या वेळात जलरंगाचा पहिला वॉशसुद्धा वाळत नाही. म्हणून मी दरसाल अर्ज करी की चित्रकलेस आठवड्यातून दोन सुटे तास न देता एक जोडतास द्यावा. 'जोडतास प्रयोगशाळेला लागतो, चित्रकलेला कशाला?' हे उत्तर मला एकाहून अधिक मुख्याध्यापकांनी जवळजवळ त्याच शब्दांत दिले. अखेर जोडतास मिळाला तो एका गणिताच्याच मुख्याध्यापकांकडून, आणि तोही शनिवारच्या सकाळच्या शाळेतील शेवटचा, जेव्हा मुलांचे लक्ष घंटेकडे आणि शिक्षकांचे एस.टी.कडे लागलेले असते व जो कोणाही विषयशिक्षकाला नको असतो. मी तो आनंदाने घेतला, कारण शाळा सुटल्यावर घरी जाण्याची घाई नसलेली मुले मागे रेंगाळत, आणि जोडतासाचा तिजोडतास कधी झाला हे शिपाई किल्ल्या वाजवीत दाराशी येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नसे.

इतक्या वर्षांत मुलांना नेमके काय शिकविलेस, असे कोणी विचारले तर मी बादलीचे नाव घेईन. वस्तुचित्राच्या तासाला वर्गाच्या मध्यभागी एका स्टुलावर कापड अंथरून त्यावर बादली, शेजारी तांब्या आणि दोन-तीन कांदे असा संच मांडावयाचा आणि मुलांना त्याच्या भोवती अर्धवर्तुळात बसवावयाचे, ही जुनी पद्धत आहे. सहावी-सातवीतील जवळजवळ प्रत्येक मूल बादलीचे तोंड पूर्ण गोल काढते आणि बूड पट्टीने ओढल्यासारख्या सरळ रेषेने संपविते. कारण बादलीचे तोंड गोल असते हे त्याला ठाऊक आहे आणि ती सपाट जमिनीवर उभी राहते हेही ठाऊक आहे. डोळ्यांसमोर असलेली वस्तू न पाहता आपल्याला जे ठाऊक आहे तेच कागदावर उतरविणे ही मुलांचीच नव्हे, मोठ्यांचीही खोड आहे, आणि ती उपदेशाने जात नाही. एकदा एक मुलगी माझ्याशी हुज्जत घालू लागली. 'सर, बूड वाकडं काढलं तर बादली डुगडुगंल की!' तिचा मुद्दा खोडून काढण्याजोगा नव्हता. मी तिला हातातली एक बांगडी काढावयास सांगितली आणि ती आडवी धरून प्रथम डोळ्यांच्या रेषेत आणावयास लावली. बांगडीची नुसती रेघ दिसू लागली. मग हात हळूहळू खाली नेला तशी ती रेघ फाकत गेली, लांबट झाली, आणि गुडघ्यांपाशी पोहोचेतो जवळजवळ गोल झाली. मुलगी काही क्षण गप्प राहिली आणि मग जे मी सांगणार होतो ते तीच बोलली: 'म्हंजे सर, बूड तोंडापेक्षा जास्त गोल?' तिने पुन्हा चित्र काढले. ते सुबक नव्हते, पण त्यातील बादली जमिनीवर उभी होती. पुढचे दोन-तीन दिवस ती आणि तिच्या मैत्रिणी घागरी, डबे, विहिरीचे कठडे, बैलगाडीची चाके अशा साऱ्या गोल वस्तूंच्या मागे लागल्या होत्या, आणि एके सकाळी प्रार्थनेपूर्वीच मला गाठून त्यांनी वर्दी दिली की गावच्या उंच टाकीची कड उलट्या बाजूला वाकते. दृष्टीच्या पातळीच्या वर असलेल्या वर्तुळाचे असेच होते, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात कोठेही नव्हते.

या मांडणीत आणखी एक गोष्ट आपोआप घडते. दाराकडे बसलेल्या मुलाला बादलीचा कान उजवीकडे दिसतो, खिडकीकडच्याला तो डावीकडे दिसतो, आणि मध्ये बसलेल्याला तो दिसतच नाही. तिघांची चित्रे वेगळी आणि तिन्ही बरोबर. एका प्रश्नास एक उत्तर, आणि तेही मार्गदर्शकात छापलेले, अशा शिक्षणास सरावलेल्या मुलांना प्रारंभी हे अस्वस्थ करते. हुशार गणली गेलेली मुले तर विशेष गोंधळत. शेजाऱ्याच्या कागदात डोकावून खात्री करून घेण्याची सोय येथे नसते. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, वाचनात अडखळणारी दोन-तीन मुले या तासाला पुढे सरकत. त्यांच्या पुढे सरकण्याने त्यांचे बाकीचे विषय सुधारले, असे मी सांगू लागलो तर ते असत्य होईल, सुधारले नाहीत. चित्रकलेमुळे गणित सुधारते, एकाग्रता वाढते, स्वभाव मृदू होतो, अशी जी शिफारसपत्रे आम्ही कलाशिक्षक आमच्या विषयाच्या गळ्यात बांधून हिंडतो ती मला पहिल्यापासून दीनवाणी वाटत आली आहेत. गणिताने चित्रकला सुधारते की नाही, असे गणिताच्या शिक्षकाला कोणी विचारीत नाही.

या विषयाला शाळांतून जी काही प्रतिष्ठा लाभली ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी दिली, हे मान्य केलेच पाहिजे. इंग्रजी अमदानीत, १८५७ साली मुंबईत निघालेल्या सर ज. जी. कलाशाळेच्या आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीच्या छायेत आपल्याकडील चित्रकलेचे शिक्षण वाढले. त्या पद्धतीचा डोळा चित्रकार घडविण्यापेक्षा नक्षीकार, आरेखक व कारागीर यांचा हात नेमका करण्यावर होता, आणि त्या दृष्टीची खूण आजही या परीक्षांच्या विषयांत दिसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन: यांतील एकही विषय निरुपयोगी नाही. कला संचालनालयाने या परीक्षा वर्षानुवर्षे खेडोपाडीच्या केंद्रांपर्यंत नेल्या, आणि ज्या गावात चित्र म्हणजे दुकानातील दिनदर्शिका एवढाच अर्थ होता तेथल्या मुलांनी कार्ट्रिज पेपर हा शब्द उच्चारला, तो या परीक्षांमुळे. माझ्या अनेक मुलींच्या बापांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा परगावी पाठविले ते परीक्षेच्या केंद्रावर, कपड्याच्या पिशवीत बोर्ड, कंपासपेटी व रंगपेटी घालून.

पण जी परीक्षा विषय जगविते ती त्याला आपल्या साच्यातही घालते. स्मरणचित्राचा प्रकार पाहा. बाजार, बसथांबा, पाणवठा, शेतातील काम, अशा एखाद्या विषयावर मुलाने आपण पाहिलेले दृश्य आठवून काढावे, ही कल्पना किती सुंदर आहे! प्रत्यक्षात सर्वत्र, माझ्या वर्गातही, मुलांकडून सात-आठ ठरावीक आकृत्या घोटून घेतल्या जात: डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, तिचा पदर धरलेले मूल, खांद्यावर कुदळ टाकलेला पाठमोरा शेतकरी, सायकलस्वार, आणि झाडाखाली बसलेला फेटेवाला म्हातारा. विषय कोणताही येवो, याच मंडळींची जागा बदलून त्यांना उभे करावयाचे. बाजारात म्हातारा भाजी विकतो आणि बसथांब्यावर तोच गाडीची वाट पाहतो. आमच्या मुलांच्या चित्रांत पाणवठा म्हणजे दगडी पायऱ्यांचा घाट आणि काठोकाठ भरलेली नदी. ज्या मुलांनी पाणी भरले होते ते टँकरभोवती, ज्यांनी त्यासाठी रांगेत कळशी ठेवून दगडावर बसून शाळेची पुस्तके वाचली होती, त्यांच्या स्मरणात तो घाट आला कोठून? तो एका छापील मार्गदर्शकातून आला होता. मी या आकृत्या घोटून घेतल्या आणि आजही मला कोणी परीक्षेस मुले बसवावयास सांगितली तर घोटून घेईन, कारण माझ्या तत्त्वनिष्ठेची किंमत मुलांच्या श्रेणीने चुकती करणे मला न्याय्य वाटत नाही. मात्र शनिवारच्या जोडतासात या मंडळींना वर्गात येण्यास मी सक्त मनाई केली होती.

अशाच एका शनिवारी एका धनगराच्या मुलाने काढलेले चित्र माझ्या डोळ्यांपुढून अद्याप हलत नाही. पावसाळ्यानंतर त्यांचा वाडा उठे आणि मुलगा काही महिने शाळेतून नाहीसा होई; हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची लांबच लांब ओळ असे. त्याने कळप काढला होता आणि त्यातील सगळी मेंढरे पाठमोरी होती. शेपट्या, ढुंगणांवर चिकटलेली माती, मागच्या पायांच्या खुरांनी उडविलेली धूळ, एकीच्या आड एक दडलेल्या पाठी, आणि सर्वांच्या पलीकडे, नखाएवढे लहान, मागे वळून पाहणारे एक कुत्रे. मेंढ्यांची तोंडे का काढली नाहीस, असे एका मुलाने त्याला विचारले, तेव्हा तो उत्तरला, 'आमी मागंच असतूय. तोंडं कवा दिसत्यात?' पुढे परीक्षेतही त्याने संधी मिळताच पाठमोरी जनावरे काढली आणि त्याला 'सी' श्रेणी मिळाली. परीक्षकाला मी दोष देत नाही. पुढ्यात पडलेल्या कागदांच्या ढिगातून एक कागद क्षणभर हातात धरणाऱ्या माणसाला त्या पाठी अपुऱ्या कामाच्या वाटल्या असतील. मुलगा नववीनंतर आला नाही.

अलीकडच्या काळात इंटरमिजिएटच्या श्रेणीचे रूपांतर दहावीच्या वाढीव गुणांत होऊ लागले: 'ए'ला ७, 'बी'ला ५, 'सी'ला ३. एका रात्रीत माझी प्रतिष्ठा वाढली. ज्या पालकांनी रंगपेटीसाठी पैसे देण्यास वर्षानुवर्षे टाळाटाळ केली होती ते नववीतील मुलाला हाताशी धरून येऊ लागले आणि 'सर, पोरगं काहीही करून ए ग्रेडमध्ये बसवा' अशी गळ घालू लागले. त्यांच्या दृष्टीने ते अयोग्य नव्हते. अकरावीच्या प्रवेशाला एकेका गुणाची मारामार असते. परीक्षार्थींची संख्या वाढली, तालुक्याच्या गावी खाजगी वर्ग निघाले, साहित्याच्या दुकानांत पोस्टर कलरचे संच उठून दिसू लागले. परंतु ब्रश कसा धरावा हेही ज्याला ठाऊक नाही अशा मुलाला थोड्या महिन्यांत श्रेणीपर्यंत पोहोचविण्याचा मार्ग एकच असतो, आणि तो त्या फेटेवाल्या म्हाताऱ्याच्या घरावरून जातो.

दरसाल एकदा मी मुलांना औंधास नेई. आमच्या तालुक्याचे हे भाग्य की मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या वाटेवर, मुंबई-पुण्यासही हेवा वाटावा असे एक चित्रसंग्रहालय आहे. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जन्मभर जमविलेला संग्रह १९३८ साली येथे लोकांसाठी खुला झाला. राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत. रविवर्म्याच्या मूळ चित्रापुढे उभी राहिलेली आमची मुले पहिल्याने हसत, कारण हा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. 'सर, हे क्यालेंडरवाल्यानं काढलंय!' मी त्यांना सांगे की ही ओळख योगायोगाची नव्हे. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला, पुढे तो लोणावळ्यानजीक मळवलीस नेला, आणि त्या शिळाप्रेसवर छापलेली देवादिकांची चित्रे घरोघर गेली, म्हणून आजीच्या देवघरातील लक्ष्मीचे आणि या भिंतीवरील स्त्रीचे घराणे एक आहे. त्यांना ते पटे. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची मायलेकांची दगडी मूर्तीही येथे आहे. तिच्यापाशी मुले घुटमळत आणि हमखास विचारीत की हे काम अर्धवट का सोडले. मी लगेच उत्तर देत नसे. एकदा एका मुलाने मूर्तीभोवती फेरी मारून आपल्या सवंगड्यांना परस्पर सांगून टाकले की 'नाक-डोळं नसलं तरी आईच हाय, बघ कशी धरलीया.' आजवर कोणत्याही कलासमीक्षकाने मला याहून अधिक सांगितलेले नाही. या सहलीस परवानगी मिळविताना अर्जात मी 'ऐतिहासिक स्थळदर्शन' असे प्रयोजन लिही. 'चित्रे पाहणे' असे लिहिले असता अर्ज अडकण्याचा संभव अधिक होता.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या उघडल्या आणि कित्येक घरांची माणसे जनावरांपाठोपाठ छावणीत राहावयास गेली. शाळेत प्यावयाचे पाणी मोजून येई. अशा स्थितीत ब्रश बुडविण्यासाठी भांडेभर पाणी मागणे मला शोभले नसते. जलरंग बंद करून आम्ही खडू, कोळसा आणि बाभळीच्या जळक्या काटक्या यांवर वर्ष काढले, रद्दी वर्तमानपत्रांवर मोठमोठी चित्रे काढली, आणि त्या वर्षीचे काम माझ्या नोकरीतील सर्वांत कणखर काम होते हे मी निःसंकोच सांगतो. छावणीत राहणाऱ्या एका मुलीने काढलेल्या बैलाच्या फासळ्या कोणी शिकविल्या नव्हत्या. हात काळे, कपडे काळे, बाकही काळे. शिपायाने तक्रार केली, आणि ती रास्त होती.

संगीताविषयी काय लिहावे? आमच्या शाळेत संगीत-शिक्षकाचे पद कधी मंजूरच झाले नाही. एक हार्मोनियम होती. तिची नोंद जडवस्तुसंग्रहाच्या वहीत असल्यामुळे ती दरसाल मोजली जाई आणि पुन्हा कपाटात जाई. ज्या मुलांचे बाप-चुलते जत्रेत ढोलाच्या तालावर तासन् तास गजीनृत्य करीत, ज्यांच्या घरी भजनी मंडळाची पखवाज-वीणा खुंटीला टांगलेली असे, ती मुले गॅदरिंगला ध्वनिक्षेपकावर लावलेल्या चित्रपटगीतावर हातपाय हलवीत. गजी घ्या असे मी सुचविले तेव्हा एका पालकानेच विरोध केला: 'ते गावात रोजचं हाय, शाळेत कायतरी नवं दाखवा.'

वरच्या पातळीवर, कागदोपत्री, आमच्या विषयाचे दिवस उत्तरोत्तर चांगले येत गेले आहेत. सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत देवीप्रसादांनी कला हाच शिक्षणाचा पाया मानून मुलांबरोबर काम केले, त्याला आता पाऊणशे वर्षे होतील. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा विषय दहावीपर्यंत अनिवार्य असावा असे सुचविले. २०२० च्या धोरणाने मुख्य विषय आणि अवांतर विषय ही भिंतच पाडावी असे म्हटले. मात्र शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याची अनुसूची उघडून पाहिली तर तीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शाळेचा पट शंभरावर असेल तरच, कलाशिक्षणाकरिता निदेशक आहे, आणि तोही अंशकालीन. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे शिक्षक वर्गामागे मोजले जातात. कलेचा माणूस पटावर तोलला जातो. ज्या वर्षी मुले कमी होतात त्या वर्षी तो अतिरिक्त ठरतो, निवृत्त होतो तेव्हा त्याची जागा भरली जात नाही. माझी भरली गेली नाही. चित्रकलेचे तास आता ज्याचा कार्यभार कमी पडेल त्याच्या नावावर टाकले जातात. गेल्या साली ते भूगोलाकडे होते, आणि भूगोलाचे गुरुजी मुलांकडून नकाशे रंगवून घेत असत, जे अगदीच वाईट नाही.

शेजारच्या गावातल्या शाळेत मात्र एक तरुण शिक्षिका तासिकेच्या मानधनावर येते. कलाशिक्षक पदविका तिने रीतसर घेतली आहे. आठवडाभरात ती एकाहून अधिक शाळा स्कूटीवरून गाठते आणि उन्हाळी सुटीत तिला मानधन नसते. ती अधूनमधून मला काही विचारावयास येते, म्हणजे तिच्या बोलण्यावरून तसे दिसते. वास्तविक ती सांगावयास येते. तिच्या शाळेच्या भिंती लोकवर्गणीतून 'बोलक्या' करण्यात आल्या आहेत. धंदेवाईक रंगाऱ्याने तैलरंगांत पाढे, फळे, प्राणी, सूर्यमाला, राष्ट्रपुरुष असे सारे काही चितारले असून ते इतके चकचकीत आहे की मुलांनी पाठ टेकू नये म्हणून भिंतीलगत दोरी बांधली आहे. कोणत्याही काळी शाळांतून नव्हती इतकी चित्रे आज आहेत, आणि त्यांतील एकही मुलाच्या हातचे नाही. या बाईने मुख्याध्यापकांपाशी हुज्जत घालून पाण्याच्या टाकीमागची, रस्त्यावरून न दिसणारी भिंत मिळविली आहे. अट एवढीच की तपासणीपूर्वी तीवर चुन्याचा हात फिरला पाहिजे. मुले तीवर कोळशाने, गेरूने, विटेच्या तुकड्याने जे सुचेल ते काढतात. पहिल्यांदा चुना मारला तेव्हा काही लहान मुले रडली. नंतर त्यांच्या ध्यानात आले की चुन्याखाली भिंत पुन्हा कोरी मिळते. आता भिंत भरत आली की चौथी-पाचवीची पोरे तिच्या पदराला लोंबकळून विचारतात, 'बाई, साहेब कधी येणार?'